टोचलेला कागद

१९६४ साल. कौशल्याबाईंची आंधळी लेक यमुना नागपूरच्या अंधशाळेत जाऊन चार महिने झाले होते. एके दुपारी त्यांच्या गावी, सोनाळ्यात, टपाल आलं. पाकिटावर अनोळखी अक्षर. आतल्या जाड कागदावर शाईचा थेंबही नव्हता. सुईनं टोचल्यासारखी नुसती टिंबं, ओळीनं.

"करणी हाय हे!" सासूबाई ओरडल्या. "टाक चुलीत!"

कौशल्याबाईंनी कागद जाळात धरला. कड पेटली आणि त्यांना आठवलं, पाकीट नागपूरहून आलं होतं. पोरीचंच काही बरंवाईट झालं असलं तर? त्यांनी तो हातानंच विझवला आणि मिळेल ती एसटी धरून नागपूर गाठलं.

यमुना धडधाकट समोर उभी होती.

"हे कोनं धाडलं वं?" त्यांनी भीतभीत विचारलं.

यमुनानं कागदावरून बोटं फिरवली नि ती हसली. "मीनंच लिवलं, माय. आमी आंधळे असंच लिवतो, बोटानं वाचतो. आइक. 'माय, मले आता लिवता येते, वाचता येते...'" बोट जळक्या कडेशी थांबलं. "पुढचं कुठी गेलं?"

"जाळलं मी. लय भेली होती."

यमुनानं जळकी कड चाचपली.

"तिथंच लिवलं होतं, 'माह्यासाठी भेऊ नोको.'"