ठेकेदाराच्या पसंतीचा रस्ता

"तुम्ही मधे बसा," पाहणी समितीचे अध्यक्ष म्हणाले आणि इंजिनिअरबाई मागच्या सीटवर मधोमध अडकल्या. उजवीकडे अध्यक्ष, डावीकडे शिंपीकाका. अध्यक्षांचा देह असा, की दार लावायला ड्रायव्हरला बाहेरून खांदा द्यावा लागला. पुढे, ड्रायव्हरशेजारी, ठेकेदार ऐसपैस बसला होता. एसी बिघडलेला, म्हणून काचा खाली.

नगरपालिकेनं रस्त्यांची देखभाल या ठेकेदाराकडे दिली होती. करार ठेवायचा की मोडायचा, ते आजच्या पाहणीवर ठरणार होतं. आजवर पाहणी म्हणजे शुद्ध थट्टा. कुठले रस्ते बघायचे ते आधी जाहीर व्हायचं आणि पाहुणे येणार म्हणून पसारा पलंगाखाली ढकलावा, तसे तेवढेच रस्ते रातोरात गुळगुळीत व्हायचे. या वेळी मात्र बाईंनी तोंडाला कुलूप लावलं होतं. पहिल्या रस्त्याचं नाव त्यांनी गाडी सुरू झाल्यावर उच्चारलं.

"घ्या तुमच्या पसंतीचे," ठेकेदार मान न वळवता म्हणाला. "शेवटचा एक रस्ता मी दाखवणार. करारातच आहे तसं."

"दाखवा की! धड असा एखादा असला तर," बाई म्हणाल्या.

शिंपीकाका खुदकन हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असतील. त्यांची बायको स्कूटरवरून खड्ड्यात पडली, तेव्हापासून अंथरुणाला खिळलेली. तक्रारी करकरून म्हाताऱ्याच्या चपला झिजल्या. शेवटी एकट्या बाईंनी ऐकलं आणि भांडून त्यांना समितीत घेतलं.

मग गाडी जी आदळायला लागली! बाटलीतलं पाणी पिताना अध्यक्षांनी स्वतःला अंघोळ घातली. ठिकठिकाणी खाली उतरून बाई रस्त्यावर पट्टी ठेवायच्या, खालची पोकळी मोजायच्या, फोटो काढायच्या. एका ठिकाणी त्यांनी नुसत्या बुटाच्या टाचेनं डांबराचा पापुद्रा सोलून दाखवला. खाली माती.

"याला काय म्हणायचं?" अध्यक्षांनी विचारलं.

"वाहतूक फार आहे हो या भागात," ठेकेदार म्हणाला. चेहऱ्यावरची माशी हलली नाही त्याच्या.

बाईंना ते खटकलं. सगळं अंगावर येत असताना हा इतका निवांत कसा?

"तुमच्याकडे कसे आहेत रस्ते?" शिंपीकाकांनी बाईंना विचारलं.

"आमची गल्ली आडबाजूला. ट्रक येत नाहीत, म्हणून टिकलीय."

तेवढ्यात फोन वाजला. दोघांच्या मधून हात ओढून काढताना बाईंची कोण कसरत झाली.

"बोला बाबा. हो, जेवलेय... एकटेच कोपऱ्यापर्यंत जाऊन आलात? वा!" त्यांचा आवाज मऊ झाला. पाय गेल्यापासून वडील खुर्चीवर होते. आधी ते दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. आता स्वतः चाकं फिरवत पेपर आणायला जायचे, चार माणसांशी बोलून यायचे. बाईंना त्याचं फार अप्रूप होतं. "काय? खडी उखडलीय? बाबा, कितीदा सांगू? घरच्या कामासाठी मी ऑफिसात शब्द टाकणार नाही. सगळे करतात तशी तक्रार करा... रागावले नाहीये मी. ठेवते."

"बाबांची तब्येत बरी आहे ना?" ठेकेदारानं विचारलं. अगदी आपुलकीनं.

धमकी अशीच असते, गोडीगुलाबीची. "माझ्या घरच्यांना यात ओढायचं नाही," बाई ताडकन म्हणाल्या. "सांगून ठेवते."

"मी कशाला ओढू?" ठेकेदार म्हणाला.

शिंपीकाकांनी हळूच त्यांच्या हातावर थोपटलं. "घाबरू नका, बाई. तुमच्यासारखं स्वच्छ माणूस आहे, म्हणून तर आम्ही आशेवर आहोत."

यादी संपली. करार मोडायचा, यात आता अध्यक्षांनाही शंका उरली नव्हती.

"चला, तुमचा रस्ता बघून टाकू," ते जांभई देत म्हणाले.

ठेकेदारानं ड्रायव्हरला नुसता हात केला. पाण्याच्या टाकीशी डावीकडे, मग पिठाच्या गिरणीवरून उजवीकडे. गाडीचे धक्के एकदम थांबले. अध्यक्षांनी बाटली तोंडाला लावली. थेंब सांडला नाही.

"अरे वा! डांबर तेच, माणसं तीच, आणि इथं बरं जमलं तुम्हाला?"

"मनावर घेतलं की जमतं, साहेब."

"गाडी थांबवा," बाई म्हणाल्या. दोन्ही वळणं त्यांच्या रोजची होती. "मला उतरू द्या. काका, दार उघडा."

"थांबा हो, गाडी तरी उभी राहू दे."

गाडी उभी राहिली ती एका निळ्या फाटकासमोर. ठेकेदार एकटाच खाली उतरला. बाईंनी उठायला बघितलं, पण अध्यक्ष उघड्या काचेतून बाहेर वाकले होते आणि शिंपीकाकांचा हात दाराच्या खटक्यावर तसाच थांबला होता.

फाटकातून एक चाकाची खुर्ची झपझप बाहेर आली. खुर्चीतल्या म्हाताऱ्यानं मागच्या सीटकडे पाहिलंच नाही. त्याचा चेहरा ठेकेदाराला बघून खुलला होता.

"या, या! आजच फोन करणार होतो तुम्हाला. कोपऱ्यावर खडी उखडलीय, चाक अडकतं. लेकीशी आत्ताच फोनवर बोललो. म्हणाली, नेहमीसारखं माझं नाव सांगा, लगेच करतील."