पाठमोरी

तिसऱ्या रांगेतल्या बाईने पुन्हा नाक शिंकरलं आणि शिवणबाईचं डोकं सणकलं. अकरा मिनिटांची फिल्म, त्यात ही चौथी खेप! पडद्यावर टायपिंग क्लासमधली मुलगी बसच्या खिडकीतून मागे बघत होती. थांब्यावर मुलगा नुसता उभा. हात वर करायचाही धीर नाही. सभागृहात ठिकठिकाणी रुमाल निघाले.

रडा, रडा, शिवणबाई मनात म्हणाली. त्याच्याशी चौतीस वर्षं संसार तुम्हाला थोडाच करायचाय!

कारण तो मुलगा म्हणजे तिचाच नवरा होता, आणि फिल्म तिच्याच लेकाची. नवऱ्याने हे प्रकरण लग्नानंतर पंधरा दिवसांतच सांगून टाकलं होतं. तिनेही ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. पण मध्यंतरी पंपाची मोटार उघडून बसल्या बसल्या त्याने तेच लेकाला सांगितलं, आणि लेकाला आयता विषय मिळाला.

त्यात बायकोच्या कामाला ठरवलेली नटी ऐन वेळी आलीच नाही. "आई, तू फक्त भांडी घास. चेहरा दिसणार नाही तुझा," लेक म्हणाला. दुपारपर्यंत तिने तीच चार भांडी सतरा वेळा घासली. वर "जरा हळू घास, आवाज येतोय," हे ऐकून घेतलं ते वेगळंच.

आता पडद्यावर तेच चाललं होतं. केस पिकलेला नायक खिडकीपाशी, नजर कुठेतरी लांब. मागे ओट्यापाशी पाठमोरी बायको. ओटा हिचा, भांडी हिची, पाठसुद्धा हिचीच. आणि हुंदके मात्र त्या बसमधलीसाठी! शिवणबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने तणतणत शेजारी पाहिलं.

नवऱ्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. स्वतःचे वडील गेले तेव्हाही हा माणूस रडला नव्हता.

म्हणजे इतकी वर्षं हा असाच खिडकीबाहेर बघत होता? आणि आपण मागे भांडी घासत राहिलो?

दिवे लागले, टाळ्या झाल्या. मंचावरच्या प्राध्यापकांनी लेकाचं तोंडभरून कौतुक केलं. मग खरे नायक म्हणून नवऱ्यालाच वर बोलावलं. शिवणबाईने पर्स उचलली. तो काय बोलेल ते ऐकायला थांबायची तिची तयारी नव्हती, पण रांगेतून बाहेर पडायला कुणी पाय आवरून घेईना.

"काका, मघाशी तुमचे डोळे भरून आलेले पाहिले आम्ही," प्राध्यापक म्हणाले. "अजून आठवते ना ती?"

नवऱ्याने माईक उलटाच धरला. लेकाने तो सरळ करून दिला.

"तिचं काय हो, ती बसमध्ये बसली, गेली. चांगलंच झालं असेल तिचं," तो चाचरत म्हणाला. "पण ती ओट्यापाशी बाई उभी आहे ना, तिच्याकडे शेवटपर्यंत कुणी बघतच नाही. मी खालून दोनदा तिला हाक मारता मारता राहिलो."