आधी हिचं घे

"आधी हिचं घे, गोपाल. मंग मी येतो," असं म्हणून अयूब मास्टर खुर्चीतून उठले आणि भिंतीवरचं काळजाचं चित्र बघत उभे राहिले.

खैरुनने हसत बाही वर केली. अहेरीच्या बाजारातल्या या लॅबमध्ये दर वेळी हेच व्हायचं. नवरा टेलर, दिवसभर सुईशी खेळणारा. वनखात्याच्या वर्द्या शिवताना बोटात सुई घुसली तरी बोट चोखून पुढची शिलाई मारणार. पण गोपालच्या हातातली सुई दिसली की घाम फुटायचा. म्हणून आधी ती. मग ती बाहेर बाकावर बसायची, मास्टर पडद्याआड जायचे आणि कोपरावर कापूस दाबून, तोंड वाकडं करत बाहेर यायचे.

"बहुत दुखलं का?"

"विचारू नको."

सगळी करणी त्या फोनची. डोकं जड झालं की मास्टर मशीन थांबवून फोन घ्यायचे आणि मेंदूत गाठ आहे असं जाहीर करायचे. ढेकर आला तर काळजाचं दुखणं. शोधलं की घटकाभर बरं वाटायचं, मग नवी शंका, की पुन्हा फोन.

खैरुनला ते नवीन नव्हतं. तिची थोरली आपा साखरेने गेली होती, आधी पाय कापावा लागला होता. त्यानंतर खैरुननेच फोनमध्ये डोकं घातलं होतं. जेवण सुटलं, झोप उडाली. आरशात उठसूट तळपाय बघायची. रक्त तपासायला मात्र कधी गेली नाही. "मले साखर निघाली तं मी त्याच दिवशी मरन," म्हणायची, आणि ते नुसतं बोलणं नव्हतं.

मग मास्टरांनाच ती खोड लागली. नवरा-बायको दोघंही वेडे झाले तर घर कोण बघणार? खैरुनने आपला फोन पिठाच्या डब्यामागे टाकला आणि शहाणं राहायचं काम अंगावर घेतलं. मास्टरांना धीर यावा म्हणून लॅबमध्येसुद्धा तीच पुढे झाली.

पहिल्या वेळी रिपोर्ट आणायला मास्टर एकटेच गेले होते. परत आले ते उतरलेल्या चेहऱ्याने.

"तुहं सारं नॉर्मल हाये. मले साखर हाये. काठावर."

आपा गेली, आता हेही? खैरुन पोटभर रडली. मग ओढणी खोचून उठली.

"डॉक्टर काय म्हणे?"

"गोळी नाई म्हणे अजून. गोड बंद, भात कमी, अन् रोज चालाचं."

त्या दिवसापासून घराचं रूप पालटलं. मोहाचे लाडू शेजारी गेले. मास्टरांना ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. खैरुन स्वतःसाठी भात टाकायला लागली तर मास्टर रुसले. "तू समोर बसून भात खाशीन तं माह्या गळ्याखाली भाकर उतरन का?" मग तीही भाकरीवर आली.

चालायलाही ते एकटे जाईनात. "चक्कर येऊन पडलो तं कोण उचलन मले?" रोज सकाळी दोघं नदीच्या रस्त्याने निघायचे. काही काम नसताना दोघांनी असं बाहेर पडणं लग्नापासून कधी झालंच नव्हतं. चहावाले चिडवायचे, खैरुन लाजायची, आणि तिला ते फार आवडायचं.

घरी आल्यावर मास्टरांचं सुरू.

"माह्या तळपायाले मुंग्या येऊन राह्यल्या. तुले येते का?"

"पह्यले येत होत्या. आता नाई."

"दाखव."

"पाय तुमचे दुखते, माहे काऊन पाहता?"

"फरक समजते ना!" आणि शिलाई तपासावी तसा तिचा तळवा अंगठ्याने दाबून बघायचे. खैरुन गुदगुल्यांनी हसायची. आजारी माणसाचे लाड करावेच लागतात. रात्री तिला गाढ झोप लागायची, आणि नवरा आजारी असताना आपण इतकं सुखात कसं, याची तिला थोडी शरमही वाटायची.

या वेळचा रिपोर्ट तयार झाला तेव्हा मास्टर वर्द्यांच्या ढिगात बुडाले होते. पंधरा ऑगस्ट तोंडावर. "उद्या मीच आणतो, तू नको जाऊ," त्यांनी बजावलं. पण भाजी घ्यायला गेलेली खैरुन लॅबसमोर थांबलीच. साखर उतरली असेल तर एक जिलेबी न्यायची, अर्धी अर्धी खायची, असं तिने मनात ठरवलं होतं.

गोपालने कागद पुढे केला. "खुशखबर हाये, भाभी. साखर एकदम उतरली. आता काठावर बी नाई."

खैरुनचे डोळे भरले. "अल्लाचा शुकर! मास्टर बहुत भ्याले होते. अन् माहा रिपोर्ट?"

"हाच तं तुमचा."

"माहा नाई, मास्टरचा असन. साखर त्याहिले हाये."

गोपालने कागदावरचं नाव पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"मास्टरचं रक्त मी आजवर घेतलंच नाई, भाभी. ते पडद्याआड येते अन् नुसता कापूस मागते."