काटा लालवर

काटा पुन्हा लाल पट्टीत गेला तेव्हा गाडी बाजाराच्या चौकातही पोचली नव्हती.

"घ्या," लेक म्हणाला. "तिसरी खेप."

मागच्या सीटवर इंजिनबाई बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नवऱ्याचं गॅरेज होतं तेव्हा त्या स्टुलावर बसून त्याला पाने द्यायच्या. द्यायच्या कसल्या, कुठला पाना लागणार तेही आधी सांगायच्या. तेव्हापासून गल्लीने हे नाव पाडलं आणि बाईंनी ते मानाने मिरवलं. नवरा गेला, गॅरेज गेलं, ही जुनी गाडी तेवढी राहिली.

त्याच गाडीतून त्या धाकट्या बहिणीकडे निघाल्या होत्या. कायमच्या. सुनेने त्यांच्या हातातून दुधाचं पातेलं काढून घेतलं होतं आणि वर म्हणाली होती, "आई, तुमचा हात कापतो. गॅसपाशी येत जाऊ नका."

"ज्या स्वयंपाकघरात मला मज्जाव, त्या घरात मी राहायची नाही," बाईंनी तिथल्या तिथे सुनावलं. "एकदा गेले की परत या उंबऱ्याला पाय लावणार नाही." आणि बाईंनी दिलेला शब्द आजवर कधी गिळला नव्हता.

सुनेनेही अडवलं नाही. "जायचंच असेल तर ऊन व्हायच्या आत निघा," एवढंच म्हणाली. बॅगही तिनेच भरली, दोनच जोड कपड्यांची. "बाकीचं मागाहून पाठवते."

आज सकाळी ती फाटकापाशी आली तीही पिंजारलेल्या केसांनी.

"झाडूसारखी काय आलीस? केस बांधायला वेळ नाही?"

"चाप सापडत नाहीये."

"स्वतःच्या डोक्यावरचा चाप सापडत नाही आणि माझ्या हातातलं पातेलं बरोबर सापडतं," बाई म्हणाल्या आणि गाडीचं दार आपटून बसल्या.

लेकाने गाडी कडेला घेतली. "आई, तू बस. मी पाणी घालतो."

"घाल, प्रत्येक दुखण्याला पाणी घाल. इंजिन बंद कर आणि हो बाजूला."

बॉनेट उघडलं. पाण्याची टाकी भरलेली होती. पट्टा घट्ट होता. पंखा त्यांनी बोटाने ढकलून पाहिला, मोकळा फिरला. मग रेडिएटरच्या जाड पाइपवर तळहात ठेवला. कोमट. चहाचा कप याहून गरम असतो.

"इंजिन तापलेलंच नाही. काटा थापा मारतोय."

"मागच्या वेळीही तू हेच म्हणालीस. गॅरेजवाल्याकडे नेली तर काटा शहाण्यासारखा मध्यावर."

बाईंना ते कोडं नव्हतं. तापमानाच्या सेन्सरची वायर सुटून इंजिनाच्या लोखंडाला टेकली, की इंजिन बर्फ असलं तरी काटा लालवर पळतो. सून नवी नवी होती तेव्हा तिला गाडी शिकवताना त्यांनी हे सांगितलं होतं. ती उभ्या उभ्या जांभया देत होती. लेकाने मात्र लहानपणापासून ऐकलं होतं.

आणि मागच्या दोन्ही वेळा गाडी अशीच अर्ध्यातून माघारी फिरली होती. पोचलेच नाही म्हणजे गेलेच नाही, असा बाईंचा हिशोब, म्हणून शब्द मोडला नव्हता. घरी तिघांचा स्वयंपाक तयार. "मी गेले तरी हिचा अंदाज चुकायचा तो चुकतोच," असं पुटपुटत बाई जेवल्या होत्या.

त्यांनी लेकाकडे पाहिलं. त्यांना आतून हसू फुटत होतं. आईशिवाय करमत नाही आणि तोंडाने म्हणवत नाही, दुसरं काय!

"खरं सांग. हे तुझेच उद्योग ना?"

"कसले?"

"मला न्यायचं नाही म्हणून."

"आई, साहेबांनी कशीबशी रजा दिलीय. काही करून आज तुला मावशीकडे पोचवायचंच आहे मला. तुमच्या दोघींच्या मधे माझा पार भुगा झालाय."

लेक खोटं बोलताना कान खाजवतो. आता त्याचे दोन्ही हात खिशात होते.

बाईंचं हसू विरलं. "बरं," त्या म्हणाल्या. "पोचव मग. आत्ता करून देते नीट."

त्यांनी बाही वर सारली, चष्मा नाकावर ढकलला आणि इंजिनात हात घातला. वायर धरून बोटं पुढे पुढे नेली. एका जागी हात थांबला. त्या वाकल्या, आणखी वाकल्या.

"आई? सापडलं का काही?"

"सापडलं."

"होईल दुरुस्त?"

"इथे नाही व्हायचं. घरचं काम आहे." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "वळव गाडी."

"परत? अगं, उंबऱ्याला पाय लावणार नाही म्हणालीस ना?"

"माझे पाय आहेत, मी बघते काय करायचं ते. तू बस जा."

"थांब, मग तिला फोन करून कळवतो. स्वयंपाकाचं..."

"काही नको. माझं ताट वाढलेलंच असेल."

लेक खांदे उडवून गाडीत बसायला गेला. बाईंनी पुन्हा आत हात घातला, सुटी वायर लोखंडाला धरून ठेवणारा सुनेचा चाप जरासा सैल झाला होता तो दाबून घट्ट बसवला आणि बॉनेट लावलं.