मुठीचे तांदूळ

डबा काठोकाठ भरलेला होता, आणि तिथेच सुलभाबाईंना शंका आली.

सोलापूरला मुलीकडे राहून, गुडघा बदलून त्या तीनेक महिन्यांनी मलकपेठच्या घरी परतल्या होत्या. शेजारणी नवा गुडघा पाहून गेल्या, चहा झाला, आणि मग सुनेनं, हर्षदानं, मोठ्या कौतुकानं डबा ओट्यावर आणून ठेवला. उद्या महिन्याचा पहिला रविवार. सिकंदराबादच्या चर्चमधल्या मराठी मंडळीत त्या दिवशी घरोघरचे डबे वेदीपुढच्या टोपलीत रिकामे होतात आणि ते तांदूळ गरजू घरांना जातात. रीत जुनी आहे. भात टाकण्याआधी घेतलेल्या तांदळातली एक मूठ बाजूला काढायची, मूठ मिटलेली असतानाच कुणा एकाचं नाव घेऊन प्रार्थना करायची, आणि मगच ती डब्यात सोडायची.

सुलभाबाईंनी डब्यात तळापर्यंत हात घातला. वरपासून खालपर्यंत एकसारखा सोना मसुरी. महिनाभराच्या मुठींचा डबा असा कधीच दिसत नाही. त्यात जुन्या पोत्यातला तांदूळ असतो, नव्यातला असतो, बिर्याणीच्या दिवसाचा बासमती असतो, तळाची कणी असते. हा डबा थेट दुकानातून आल्यासारखा होता.

विचारल्यावर हर्षदानं काहीच लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटतही नव्हतं. सकाळी लॉगिन, दुपारभर मीटिंगा, स्वयंपाक कसाबसा उरकायचा. रोजची मूठ राहून जायची. म्हणून तिनं अंदाज बांधला आणि दर महिन्याला आदल्या शनिवारी एकदमच डबा भरायला सुरुवात केली. उलट थोडं जास्तच घालत होती.

"रोज रोज कुठं फुरसत मिळती, मम्मी," ती म्हणाली. "पण एक महिनापण चुकवला नाही मी. तांदूळ तर पोचला ना?"

पोचला, हे सुलभाबाईंनी मान्य केलं. सून गुणाची होती, यात वादच नव्हता. त्या नसताना घर तिनं एकटीनं ओढलं होतं, आणि त्यांचा लेक रितेश घरकामाला हात लावील तर शपथ. पण बोलता बोलता बाकीचंही बाहेर आलं. उपासना मोबाईलवर, तीही भाजी निवडता निवडता. रात्रीची कौटुंबिक प्रार्थना आधी रविवारवर ढकललेली, मग रविवारीही राहिलेली. डबा तेवढा रितेश चर्चच्या दारात देऊन यायचा आणि गाडी बंद न करताच परत फिरायचा.

सुलभाबाई ओट्याला टेकल्या. त्यांना वेगळंच काही आठवलं होतं. ऑपरेशनच्या दिवशी त्यांना आत नेलं तेव्हा त्या अगदी बिनघोर होत्या. डॉक्टरही चकित झाले होते. मलकपेठच्या स्वयंपाकघरात आज आपल्या नावाची मूठ निघणार, याची त्यांना खात्री होती.

"माझ्या ऑपरेशनच्या दिवशी काढली होतीस मूठ?"

हर्षदाची मान खाली गेली. "त्या दिवशी जेवण बाहेरून मागवलं होतं," ती म्हणाली.

सुलभाबाईंना हे फार लागलं. डोळे भरून आले, तसे त्यांनी ते पदरानं पुसले आणि पदर खोचला. घरात रुसायचं की घर सावरायचं, हे ठरवायला त्यांना कधीच वेळ लागत नसे.

"विश्वास सोडायचा असं कुणी ठरवत नाही, हर्षदा. आधी सोय बघितली जाते. चांगली चांगली घरं अशीच लांब गेलेली पाहिलीत मी. आपलं नाही जाणार."

एवढं बोलून त्यांनी डबा उचलला आणि सगळे तांदूळ पोत्यात परत ओतले.

हर्षदा घाबरलीच. उद्या टोपलीपाशी कोण उभं असणार हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. महिला मंडळाच्या प्रमुख म्हणून सुलभाबाईच वर्षानुवर्षं तिथं उभ्या राहून एकेकीचा डबा ओतून घेत. आता त्यांच्याच घरचा डबा रिकामा? बायका तोंडावर बोलणार नाहीत, पण घरी जाईपर्यंत दुसरं काही बोलणारही नाहीत. आत्ता ओतलेलं परत भरून ठेवू, पुढच्या महिन्यापासून नीट करू, असं ती काकुळतीनं म्हणाली. मम्मींचं नाव खराब झालेलं तिला खरोखरच पाहवणार नव्हतं.

"रिकामा कशाला?" सुलभाबाई म्हणाल्या. "आज रात्रीची एक मूठ असेल की त्यात. तेवढी घेऊन जाऊ. आपण दोघी."

त्यांनी स्वतःच पातेल्यात आधण ठेवलं, गॅस मोठा केला आणि ताटात तांदूळ काढून ताट सुनेपुढे सरकवलं. हर्षदानं मूठ भरली.

"कुणाचं नाव घेऊ?"

"आधी आठवेल त्याचं."

हर्षदानं डोळे मिटले. सुरुवातीला ती ऑफिसातला मेल वाचावा तसं भरभर पुटपुटली. मग अडली. मग पहिल्यापासून पुन्हा, पण सावकाश. मूठ आवळत गेली, दोनचार दाणे बोटांच्या फटीतून ओट्यावर पडले, तिच्या ते लक्षातही आलं नाही. सुलभाबाईंनी कान दिला नाही. कुणाचं नाव घेतलं, हे विचारायचं नसतं.

आधण खळखळून उकळायला लागलं. झाकण वाजू लागलं, कडेनं पाणी उतू जाऊ लागलं. हर्षदाचे डोळे मिटलेलेच होते.

सुलभाबाईंनी हात लांब करून गॅस बारीक केला.