कसलेही व्यसन नाही

"तीन भाग असतात. सुरुवात, मध्य आणि शेवट," आई चिमणीच्या वहीवर बोट ठेवत म्हणाली. "सुरुवातीला आजोबांची ओळख. मध्ये त्यांचं दिसणं, सवयी, तुझ्यावरचं प्रेम. शेवटी ‘असे हे माझे आजोबा मला खूप आवडतात.’ झाला निबंध!"

निबंध उद्या पहिल्याच तासाला द्यायचा होता आणि वहीत अजून फक्त ‘माझे आजोबा’ एवढंच होतं, तेही रंगीत पेनाने दोनदा अधोरेखित केलेलं. ज्यांच्यावर निबंध होता ते आजोबा खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसून चिमणीच्याच फ्रॉकची उसवलेली बाही शिवत होते. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. दुकान बंद झालं तरी पाय पायडलवरून उतरायला तयार नव्हते.

आईला मोठी गंमत वाटत होती. याच वयात तिने निबंधाचं पुस्तक अख्खं घोकलं होतं. विषय गाय असो की वडील, सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला. काय सुखाचे दिवस होते, डोकं चालवायचं कामच नव्हतं! ती उत्साहाने सांगू लागली, "लिही. माझे आजोबा पहाटे उठतात."

"सात वाजता उठतात," चिमणी म्हणाली.

"निबंधात पहाटेच उठायचं असतं. पुढे लिही. त्यांना कसलेही व्यसन नाही."

मशीन थांबलं.

"होतं की," आजोबा म्हणाले. "दिवसाला दोन बंडलं विड्या ओढायचो. तुझ्या आईने सोडवलं."

"मी?" आई हसली. "काहीतरीच, बाबा! डॉक्टरांनी दम दिला होता तुम्हाला."

"डॉक्टर दर वर्षी दम द्यायचे. त्यांना कोण विचारतो?" आजोबांनी दोरा दाताने तोडला. "तू सहावीत होतीस. शाळेत पालकांना बोलावलं होतं. तुझ्या बाईंनी वही हातात दिली. म्हणाल्या, वाचा, मुलीने किती सुंदर लिहिलंय. ‘माझे वडील पहाटे उठून व्यायाम करतात. त्यांना कसलेही व्यसन नाही.’ दहापैकी नऊ गुण. आणि इकडे माझ्या खिशात बंडल!"

आईचे कान तापले. तो दिवस तिला लख्ख आठवत होता. बाबांच्या हाती ती वही पडू नये म्हणून ती देव पाण्यात घालून बसली होती. आपल्या पोरीने दुसऱ्याच कुणाचे तरी वडील लिहून आणले, असं वाटलं असतं त्यांना. पण बाबा घरी आले, जेवले, काहीच बोलले नाहीत. आपण सुटलो, असं ती आजवर समजून चालली होती.

"मग मला विचारलं का नाहीत? खोटं का लिहिलंस म्हणून?"

"काय विचारायचं? इतकं वळणदार अक्षर, बाई कौतुक करतायत. पोरीला खोटं कशाला पाडायचं? शाळेच्या फाटकाबाहेर आलो आणि बंडल टाकून दिलं." मग ते जरा ओशाळले. "व्यायामाचं मात्र नाही जमलं. आठ दिवस उठलो पहाटे. नवव्या दिवशी कंबर धरली."

आईला हसावं की रडावं कळेना. त्यानंतर कितीतरी महिने बाबा चिडचिड करायचे, कात्री आपटायचे, आणि तिने त्याचाही राग धरला होता. ती उठली आणि काही कारण नसताना त्यांच्या गळ्यातली टेप सारखी केली.

एव्हाना चिमणीने वही स्वतःकडे ओढून घेतली होती. डाव्या हाताचा आडोसा करून ती भराभर लिहीत सुटली होती.

"काय लिहितेयस गं एवढं माझ्याबद्दल?" आजोबांनी मान उंच करून विचारलं.

"आत्ता नाही सांगणार. झाल्यावर वाचा."

"लिही, लिही," आजोबा सुईत दोरा ओवत म्हणाले. "फक्त जरा बेताने लिही, बाळा. आता या वयात फार काही जमायचं नाही."