चालवायची की मिरवायची

बाबांनी जुन्या मोटारीचं पुढचं हँडल गर्रकन फिरवलं, गाडी दोनदा खोकली आणि चक्क सुरू झाली. मुलगी दारात उभी होती.

हे इंजिन तिने आजवर कधी ऐकलं नव्हतं. ते कायमचं मेलंय, असंच ती धरून चालली होती. दुपारी गॅरेजचं दार लावून बाबा झोप काढतात, अशी तिची आपली समजूत होती. आता त्यांची काळी झालेली नखं पाहून दुपारच्या झोपांचा उलगडा झाला. या घरात कोणी कोणाला काही सांगत नसे. सगळे एकमेकांचं भलं करायचे, तेही परस्पर.

तिने तरी दुसरं काय केलं होतं? गाडीची जुनी लाकडी चाकं किड्यांनी पोखरून भुसा झाली, तेव्हा नवी करायला तीच सुताराकडे गेली होती. सुताराने एकच विचारलं होतं, "चालवायची की मिरवायची?" चालवायची असतील तर मुरलेलं, घट्ट लाकूड लागेल, एकेक आरा तासून ठोकून बसवावा लागेल, काम महिनोन्‌महिने चालेल. नुसती मिरवायची तर हलकं लाकूड चालतं, सांधे गोंदाने चिकटतात, वरून रंग दिला की कोणाच्या बापाला कळत नाही. ती म्हणाली होती, "मिरवायची." बाबांनी गेल्या वर्षी घरची छोटी गाडी औषधाच्या दुकानाच्या पायऱ्यांवर चढवली होती. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं होतं. जुनी गाडी अंगणात शोभेला उभी राहील, बाबा रोज फडकं मारतील, त्यांचा वेळ जाईल, एवढाच तिचा हिशोब होता.

आणि आता आई डोक्याला रुमाल बांधून, मांडीवर पर्स घेऊन पुढच्या सीटवर बसली होती. सुतार फाटकाशी उभा राहून आपलं काम डोळे भरून पाहत होता. चाकं दिसत होती मात्र देखणी.

"बस गं मागे," बाबा स्टिअरिंगमागे चढत म्हणाले. "टेकडीपर्यंत जाऊन येऊ."

"आज नको बाबा. रंग ओला आहे अजून."

"वाळलाय ताई, कधीच," सुतार उत्साहाने म्हणाला. त्याचा गळा दाबावा असं तिला वाटलं.

"पेट्रोल तरी आहे का?"

"काठोकाठ!" बाबा म्हणाले. इतके खूश ते तिने कित्येक दिवसांत पाहिले नव्हते. तिला रडू यायला लागलं. टेकडीचा उतार, त्यावरचं ते वळण, खाली गोंदाने चिकटवलेली चाकं आणि आत आई. बाबांनी गिअर टाकला तशी ती धावत पुढे गेली आणि दोन्ही हात बॉनेटवर ठेवून उभी राहिली.

"बाबा, ही चाकं खोटी आहेत!"

"काय?"

"दिखाऊ आहेत. मीच तशी करायला सांगितली. तुम्ही चालवू नये म्हणून. पहिल्या वळणाला मोडतील. उतरा ना बाबा, प्लीज. आई, तू आधी उतर."

बाबांनी इंजिन बंद केलं. ते मुलीकडे बघेनात, आईकडेही बघेनात, नुसते समोरच्या काचेकडे बघत राहिले. आईने तेवढी पर्स घट्ट धरली.

सुतार चुळबुळला. "ताई, चाकं अस्सल आहेत. चालवायचीच केलीत मी. गोंदाचा थेंब नाही त्यात."

"मी तर तुम्हाला..."

"तुम्ही सांगून गेलात, अन्‌ दुसऱ्या दिवशी तुमच्या आई आल्या. म्हणाल्या, चालवायची करा, लागेल तेवढा वेळ घ्या, फक्त मुलीला बोलू नका."

मुलीच्या छातीवरचा धोंडा उतरला. क्षणभरच. बाबा खाली उतरले होते. ते वाकले, आऱ्यांवरून अंगठा फिरवला, सांध्यापाशी नख लावून पाहिलं. "मिस्त्री, काम झकास झालंय हो," ते म्हणाले. मग त्यांनी हातमोजे काढून सीटवर ठेवले.

"बाबा, चला ना. चाकं चांगली आहेत म्हणतात ते. मी बसते मागे."

"चाकं चांगलीच आहेत गं," बाबा म्हणाले. ते घरात गेले. दार आपटलं असतं तरी तिला बरं वाटलं असतं, पण त्यांनी ते हळूच लोटून घेतलं.

सुतारानेही काढता पाय घेतला. मुलगी आईच्या बाजूला आली. तिला स्वतःचा संताप येत होता, आणि आईचाही.

"तू मला सांगायचंस तरी! डॉक्टर काय म्हणाले ते विसरलीस? त्यांना बाजूचं नीट दिसत नाही आई. टेकडीवर काही झालं असतं तर?"

आई खाली उतरली नाही. "मला नको सांगूस त्यांना काय दिसतं ते," ती म्हणाली. "मी शेजारी बसून बोलत असते. ‘बाई गं, केवढा ट्रक आला बघा. अय्या, ते पोर कसं पळतंय. डावीकडे काय छान झाड आहे.’ किती वर्षं झाली. त्यांना वाटतं, ही बाई गाडीत बसली की नुसती बडबड करते."